जीपीएसवर गाण्यांची प्लेलिस्ट लावताय? आधी हे बघा

अरे, तू म्हणतोस गाणी गाडीतल्या जीपीएसच्या मेमरी कार्डात आहेत, एकेक वाजतातही, पण प्लेलिस्ट उघडली की रिकामी. माझंही अगदी असंच झालेलं, सायन ते ठाणे ट्रॅफिकमध्ये एकच गाणं परत परत ऐकत गेलो होतो.

गंमत अशी की एम३यू फाइलमध्ये, म्हणजे प्लेलिस्टच्या फाइलमध्ये, गाणी नसतातच, फक्त त्यांचे पत्ते असतात, म्हणजे कुठलं गाणं कुठे ठेवलंय ते. नोटपॅडमध्ये उघडून बघ, प्रत्येक ओळीवर एक पत्ता दिसेल. तिथे सुरुवातीला सी ड्राइव्ह वगैरे लिहिलेलं असेल तर तो पत्ता तुझ्या घरच्या कॉम्प्युटरचा आहे, गाडीतल्या गार्मिनला, म्हणजे तुझ्या जीपीएसला, तो कुठून सापडणार? म्हणून आधी गाणी मेमरी कार्डात एका फोल्डरमध्ये टाक, प्लेलिस्टची फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेव, आणि ओळीत नुसतं गाण्याच्या फाइलचं नाव राहू दे, बाकी सगळं उडव. नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, एक स्पेस जास्त पडली तरी गाणं गायब. फाइलींची नावं रोमन लिपीत ठेवलेली बरी, देवनागरीचे चौकोन दिसू शकतात.

जागेचं टेन्शन नको घेऊस, गाणी १२८ केबीपीएस क्वालिटीची असतील तर मिनिटाला साधारण १ एमबी धर.

आणि प्लीज, लिस्ट घरीच बनव रे, सी लिंकवर गाडी चालवताना स्क्रीनवर बोटं नकोत. पहिल्यांदा पाचच गाण्यांची करून बघ, ती वाजली की बाकीची टाक.