न पाहिलेल्या पत्राचा संदर्भ

प्रश्न : माझ्या इतिहासविषयक शोधनिबंधात एका अप्रकाशित पत्रातील चार ओळी उद्धृत केल्या आहेत. मूळ पत्र मी पाहिलेले नाही. एका संशोधकाच्या ग्रंथात त्या ओळी मिळाल्या आणि तेथील तळटिपेत अभिलेखागाराचे नाव व संचिका क्रमांकही दिलेला आहे. तोच संदर्भ माझ्या तळटिपेत उतरवून घ्यावा का? शिवाय, ‘तत्रैव’ वापरावे की नाही?

उत्तर : उतरवून घेऊ नये. तळटिपेत अभिलेखागाराचे नाव आले की ती संचिका आपण स्वतः उघडून पाहिली, असेच वाचक समजतो. ग्रंथकर्त्याने पत्राची तारीख चुकीची वाचली असेल किंवा मधले वाक्य गाळले असेल, तर ती चूक आता आपल्या नावावर जमा होते. आणि मूळ पत्र पाहिलेला परीक्षक ती उसनवारी, नेमक्या त्याच चुकीवरून, सहज ओळखतो. म्हणून आधी पत्राचा तपशील द्यावा आणि पुढे ‘उद्धृत’ असे लिहून ज्या ग्रंथातून ओळी घेतल्या त्याचा लेखक, नाव, प्रकाशनवर्ष व पृष्ठ नोंदवावे. अर्थात, निबंधाचा मुख्य मुद्दाच त्या चार ओळींवर उभा असेल, तर पत्राची प्रत मागवून ती वाचण्याला पर्याय नाही. मूळ पत्र हाती आल्यावर मात्र त्याचा थेट संदर्भ द्यावा. तरीही त्याचा माग ज्या ग्रंथामुळे लागला त्याचा उल्लेख करण्यात कमीपणा नाही.

‘तत्रैव’चा अर्थ ‘लगेच वरच्याच टिपेतील ग्रंथात’ असा असल्यामुळे तो शब्द शेजाऱ्यावर अवलंबून असतो. समजा, टीप १४ मध्ये ग्रंथाचे नाव आहे आणि टीप १५ मध्ये ‘तत्रैव, पृ. ६२’ आहे. पुनर्लेखनात या दोहोंमध्ये नवी टीप घातली की संगणक क्रमांक बिनचूक बदलतो, पण ‘तत्रैव’ मुकाट्याने भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. इतिहासाच्या लेखनात बहुधा पाळल्या जाणाऱ्या ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ने २०१७च्या सतराव्या आवृत्तीपासून तत्रैवच्या इंग्रजी प्रतिशब्दाऐवजी संक्षिप्त संदर्भाला पसंती दिली आहे, आणि माझेही मत तेच आहे : पहिल्या वेळी पूर्ण तपशील, नंतर आडनाव, ग्रंथनामाचे संक्षिप्त रूप आणि पृष्ठ. मात्र ज्या नियतकालिकाकडे निबंध पाठवणार आहात, त्याचे नियम वेगळे असतील तर तेच पाळावेत.