त्रिनिदादला फिरायला जायचंय, भारतीयांना व्हिसा लागतो का?

नाही लागत. सहलीसाठी ९० दिवसांपर्यंत आपल्या पासपोर्टवर तसंच जाता येतं. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे दाखवायची तयारी ठेवा. पण ‘व्हिसा लागत नाही’ हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं, म्हणून पुढचं लिहितोय.

माझे वडील १९७१ची पोर्ट ऑफ स्पेनची, म्हणजे त्रिनिदादच्या राजधानीतली, कसोटी जन्मभर सांगत आले. सरदेसाईंच्या ११२ धावा, पहिलीच कसोटी खेळणारा गावसकर, वाडेकरांची टीम, वेस्ट इंडीजवर आपला पहिला कसोटी विजय. ते गेल्यावर ठरवलं, त्या कसोटीच्या मैदानावर, क्वीन्स पार्क ओव्हलवर, एकदा जाऊन बसायचं. तिकिटांचं काम साडूभाऊंनी अंगावर घेतलं. त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं. स्वस्त पडतात म्हणून त्यांनी दोन वेगळी तिकिटं काढली : मुंबई ते लंडनचं हीथ्रो, आणि पुढचं विमान लंडनच्याच दुसऱ्या विमानतळावरून, गॅटविकहून. मी म्हटलं, मध्ये लंडनचा व्हिसा नको का? ‘‘आपण कुठे लंडनला चाललोय? उगाच घाबरतोस तू.’’

रात्री एक वाजता काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट मागून पुढे, पुढून मागे चाळला. बॅग काट्यावर चढलेली, २२.६ किलो. ‘‘यूकेचा व्हिसा?’’ साडूभाऊंनी मोबाइलवरचं ‘व्हिसा लागत नाही’ तिच्यापुढे धरलं. ‘‘सर, हे त्रिनिदादचं आहे. तुम्ही आधी लंडनमध्ये बाहेर पडताय.’’ बॅग काट्यावरून खाली आली. पहाटे तीनला चौघं टॅक्सीतून डोंबिवलीला परत, मांडीवर बाकरवडीची पिशवी. ऐरोलीच्या पुलावर साडूभाऊ म्हणाले, ‘‘त्रिनिदादपुरतं मी बरोबरच बोललो होतो.’’

तर नीट ऐका. भारतातून तिकडे थेट विमान नाही. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो, तिथे ‘आम्ही बाहेर पडणारच नाही’ चालत नाही. लंडनला त्याच विमानतळावर आतल्या आत बदलायचं तर एक ट्रान्झिट व्हिसा, बाहेर पडून दुसऱ्या विमानतळावर जायचं तर दुसरा. म्हणून आधी वाट ठरवा, मग तिकीट.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही : पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. जाताना त्रिनिदादवाले आपल्याला विचारत नाहीत, पण परत येताना आपलेच लोक विचारतात. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, तेव्हा ती जायच्या आदल्या दिवशीसाठी ठेवू नका. एकदा घेतली की जन्मभर चालते. सरकारमान्य केंद्रातच घ्या, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला कागद चालत नाही.

पुढच्या वर्षी मी आणि बायको रीतसर ट्रान्झिट व्हिसा काढून गेलो. तिथल्या पियार्को विमानतळावर अधिकाऱ्यानं दोनच प्रश्न विचारले, किती दिवस आणि उतरणार कुठे. ओव्हलवर त्या दिवशी मॅच नव्हती. रिकाम्या स्टँडकडे बघत तासभर उभा होतो.

हो, तुमच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर लंडनचं गणित बदलतं, ते बघून घ्या. आणि साठीपुढच्यांनी लस घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. नियम बदलतात, तिकीट काढायच्या आठवड्यात पुन्हा तपासा.

साडूभाऊ, वाचत असाल तर त्या रात्रीच्या टॅक्सीचे निम्मे पैसे अजून यायचेत.