ऑपरेशन चालू असताना घशातून एको करतात, तेव्हा श्वास अडकू शकतो का?

वडिलांच्या मायट्रल झडपेची दुरुस्ती आहे, संमतीपत्रावर 'टीईई' म्हणजे घशातून एको असं लिहिलंय, आणि महिन्यापूर्वी हीच तपासणी जागेपणी केली तेव्हा ते गुदमरल्यासारखे झाले होते. आता तोच प्रोब, म्हणजे एकोची नळी, चार-पाच तास घशात राहणार म्हटल्यावर तुम्हाला धास्ती वाटली, तर त्यात नवल नाही. मी भूलतज्ज्ञ आहे, हृदयाच्या ऑपरेशनला पेशंटच्या डोक्याशी उभा राहणारा. श्वासाच्या दृष्टीने विचाराल, तर जास्त नाजूक प्रसंग महिन्यापूर्वीचा होता.

जागेपणी घशावर लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा मारतात, शिरेतून थोडं गुंगीचं औषध देतात, डाव्या कुशीवर वळवून करंगळीएवढ्या जाडीचा प्रोब गिळायला लावतात. म्हणजे ठसका देऊन श्वासनलिका राखण्याची माणसाची ताकद आपणच कमी केलेली असते, आणि आत संरक्षणाला दुसरं काही नसतं. जेवण ६ तास आणि पाणी २ तास आधी बंद ठेवायला सांगतात ते याचसाठी. तपासणीनंतरही घशाचा बधिरपणा उतरेपर्यंत चहा मिळत नाही, पेशंट कितीही कुरकुरला तरी.

ऑपरेशनमध्ये क्रम उलटा असतो. आधी पूर्ण भूल, मग श्वासनलिकेत ट्यूब. तिच्या टोकाजवळचा कफ, म्हणजे छोटा फुगा, फुगवला की श्वासाची वाट स्वतंत्र झाली. त्यानंतर प्रोब जातो तो मागच्या अन्ननलिकेत. हृदयाचा डावा वरचा कप्पा अन्ननलिकेला अगदी लागून असल्यामुळे मायट्रल झडप तिथून जितकी स्वच्छ दिसते तितकी छातीवरून दिसत नाही. दुरुस्ती करून हार्ट-लंग मशीन बंद करताना झडप अजून गळतेय का, हे छाती उघडी असतानाच कळतं. त्यामुळे 'हे नकोच' असं म्हणू नका.

धोका उरतो तो एकाच घशात दोन नळ्या असण्याचा. प्रोब आत सारताना, फिरवताना किंवा काढताना श्वासाची ट्यूब वर सरकू शकते, नाहीतर खाली जाऊन एकाच फुप्फुसात शिरू शकते. माझ्या उमेदवारीच्या काळात एकदा मी पडद्यावरची झडप बघण्यात इतका रंगलो, की लाळेने ट्यूबची चिकटपट्टी सुटत आल्याचं दिसलंच नाही. कॅप्नोग्राफची, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची, कमान वेडीवाकडी झाली, शेजारच्या सिनिअर मॅडमनी न बोलता ट्यूब धरली, आणि मी प्रोब सोडला. पेशंटला काही झालं नाही. मॅडम नंतर बोलल्याच. तेव्हापासून प्रोब हलवताना माझा एक हात ट्यूबवर असतो.

प्रोबच्या दाबाने कफमधला दाबही वाढतो. तो साधारण २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका असावा लागतो, म्हणून प्रोब बसल्यावर पुन्हा मोजायचा. श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मागच्या बाजूला उघड्या असतात, तिथली भिंत मऊ. मोठ्या माणसाला याने सहसा फरक पडत नाही, पण तान्ह्या बाळात प्रोब ती भिंत मागून दाबू शकतो. बाळात प्रोब घातल्याबरोबर व्हेंटिलेटरचा दाब चढला तर तो लगेच बाहेर काढायचा, चित्र कितीही सुंदर येत असो.

आकडे हवे असतील तर बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये ऑपरेशनदरम्यान टीईई केलेल्या ७२०० पेशंटचा हिशेब छापला होता. त्यात प्रोबमुळे त्रास झाला ०.२ टक्के लोकांना. त्यातले निम्मे नुसते गिळताना दुखण्याचे. श्वासाची ट्यूब हलली ती दोघांची, अन्ननलिकेला भोक पडलं एकाला, आणि प्रोबमुळे मृत्यू एकही नाही.

आता तुमच्या हातातलं. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी तपासायला येतील, तेव्हा वडिलांचा हलणारा दात आणि कवळी आठवणीने सांगा. बऱ्याच आजोबांना कवळी काढायची लाज वाटते, आणि ते बिनदिक्कत 'दात माझेच' म्हणतात. तोंडात तीन बोटं उभी जातात का, ते घरीच बघा. गुटखा किंवा सुपारी खाणाऱ्यांचं तोंड आखडत जातं, मग ट्यूब आणि प्रोब दोन्ही घालणं अवघड होतं. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी असं तोंड मला आठवड्याला एक तरी दिसतं. खाल्ला असेल तर लपवू नका, आम्ही कुणाला रागवायला येत नाही. घास अडकणं, रक्ताची उलटी, लिव्हरचा आजार, अन्ननलिकेचं जुनं ऑपरेशन यांपैकी काही असेल तर तेही सांगा. अशा पेशंटमध्ये कधीकधी प्रोब टाळतात आणि सर्जन निर्जंतुक आवरणातला दुसरा प्रोब थेट हृदयावर ठेवून बघतात.

आणि आयसीयूत ट्यूब निघाली, वडिलांनी पाणी मागितलं, की लगेच पाजायची घाई करू नका. काही जणांचं गिळणं दोन-चार दिवस ढिलं पडतं, पाणी चुकून श्वासनलिकेत जातं. पहिला घोट सिस्टरसमोर, पाठ उंच करून, चमच्याने. खोकला आला किंवा आवाज घोगरा, ओलसर वाटला तर तिथेच थांबून डॉक्टरांना बोलवा.