कोष्टकातले समप्रमाण कसे ओळखायचे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. कोष्टकात अंतर ५, १०, १५, २० किमी आणि टेम्पोचे भाडे ६००, ७००, ८००, ९०० रुपये असे दिले होते. तिने ‘समप्रमाण’ लिहिले, बाईंनी चूक दिली. दर पाच किलोमीटरला बरोबर शंभर रुपये वाढतात, मग चुकले काय? (एक पालक, पंचवटी)

वाढ तिने अचूक टिपली आहे, पण सारखी वाढ म्हणजे समप्रमाण नव्हे. समप्रमाणात अंतर दुप्पट झाले की भाडेही दुप्पट व्हायला हवे. इथे ५ चे १० झाले, पण ६०० चे १२०० झाले नाहीत, ७०० झाले. प्रत्येक जोडीत भाड्याला अंतराने भागून पाहा : १२०, ७०, सुमारे ५३, ४५. गुणोत्तर दर वेळी बदलते.

याचे कारण कोष्टकातच दडलेले आहे. किलोमीटरला २० रुपये आहेत खरे, पण त्याआधी टेम्पो नुसता ठरवण्याचे ५०० रुपये धरलेले आहेत. ते वजा केले की उरतात १००, २००, ३००, ४००, आणि हे मात्र अंतराच्या समप्रमाणात आहेत.

ही चूक वह्यांमध्ये मला सर्वांत जास्त दिसते, कारण वजाबाकी चटकन होते आणि भागाकाराचा कंटाळा येतो. उलट बाजूही तिला दाखवा. वह्या २, ५, ९ आणि किंमत ६०, १५०, २७० रुपये. वाढ एकदा ९० ची, एकदा १२० ची, तरी हे समप्रमाणच, कारण प्रत्येक वही ३० रुपयांची. कोष्टक मिळाले की खाली भागाकाराची एक ओळ स्वतः वाढवायची, ही सवय तिला आत्ताच लावा.

प्रश्न : लासलगावला १० क्विंटल कांदा नेला, ट्रॅक्टरचे भाडे जाऊन १३,००० रुपये हातात आले. पुढच्या खेपेला २५ क्विंटल नेला. भाव तोच, १,५०० रुपये. त्रैराशिकाने ३२,५०० यायला हवे होते, पण ३५,५०० उरले. हिशेबात चूक आहे का? (एक शेतकरी, निफाड तालुका)

हिशेब बरोबर आहे. त्रैराशिक मात्र इथे लागू होत नाही. प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशींवरून चौथी काढण्याची रीत आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास सांगितली आहे, पण ती चालते ती दोन्ही राशी समप्रमाणात असतील तेव्हाच. कांद्याची किंमत वजनाच्या समप्रमाणात आहे : १० क्विंटलचे १५,०००, २५ चे ३७,५००. ट्रॅक्टरचे भाडे मात्र खेपेला २,०००, माल कितीही असो. म्हणून हातात क्विंटलमागे पहिल्यांदा १,३०० पडले, दुसऱ्यांदा १,४२०.

जो खर्च क्विंटलमागे ठरलेला असतो, त्याने समप्रमाण मोडत नाही, फक्त दर कमी होतो. खेपेमागचा खर्च ते मोडतो. हिशेबपट्टी पाहताना हे दोन खर्च वेगळे मांडलेत, तर पुढचा अंदाज चुकणार नाही.

प्रश्न : द्राक्षे पॅक करायला ६ मजुरांना ८ दिवस, ८ ना ६, १२ ना ४ दिवस. एक वाढते, दुसरे घटते. हे व्यस्त चलनच ना? (आठवीतला विद्यार्थी)

हो, पण ‘एक वाढते, दुसरे घटते’ एवढ्यावरून नव्हे. गुणाकार कर : तिन्ही वेळा ४८. म्हणून व्यस्त चलन. पुढची जोडी १६ मजूर, ४ दिवस अशी असती, तर गुणाकार ६४ झाला असता आणि उत्तर ‘नाही’ आले असते. शेवटच्या जोडीपर्यंत तपासायचेच.

प्रश्न : प्रकल्पासाठी मुलांनी भांडी बाजारातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचे व्यास आणि परीघ दोऱ्याने मोजले. व्यास १०, १४, २०, २८ सेंमी; परीघ ३१.३, ४४.२, ६२.६, ८८.१. भागाकार एकसारखा येत नाही. समप्रमाण नाही म्हणायचे का? (एक शिक्षिका, नाशिकरोड)

तुमच्या मुलांचे मला फार कौतुक वाटते. भागाकार येतात ३.१३, ३.१६, ३.१३, ३.१५. परीघ व्यासाच्या समप्रमाणातच असतो, स्थिरांक π, म्हणजे सुमारे ३.१४. उरलेला फरक दोरा ताणण्यातला आणि पट्टी वाचण्यातला आहे.

पण मग कोणताही फरक मोजमापावर ढकलायचा का? नाही. फरकाची दिशा पाहा. मोजमापातली चूक कधी वर जाते, कधी खाली, तशी ती इथे आहे. वर टेम्पोच्या कोष्टकात मात्र १२०, ७०, ५३, ४५ असे भागाकार एकाच दिशेने उतरत गेले. तसे दिसले, तर आधी लपलेली ठरावीक रक्कम शोधायची. मुलांचा दोरा दर वेळी सैल राहून परीघ अर्धा सेंमी जास्त येत असता, तरी भागाकार असेच उतरत गेले असते. लहान भांड्यात फरक जास्त, मोठ्यात कमी. तेव्हा एकच भांडे तीनदा मोजायला लावा.