केळीच्या खोडाचे पॅकिंग : शेतकऱ्याने त्यात किती पडावे?

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची सहा एकर केळी आहे. घड उतरवल्यावर खोडे बांधावर टाकतो आणि ती तिथेच कुजतात. त्यांच्यापासून प्लास्टिकऐवजी वापरता येणारे पॅकिंग बनते, असे ऐकले. हे खरे आहे का, आणि आम्ही त्यात पडावे का?

उत्तर : बनते, हे खरे आहे, मात्र खोडांनी ट्रॉली भरण्यापूर्वी एक साधा हिशेब करावा. केळीचे खोड म्हणजे एकावर एक घट्ट गुंडाळलेली सोपटेच असतात आणि त्यांत सुमारे ९० टक्के पाणी असते. १०० किलो खोड कारखान्यापर्यंत नेले, तर ९० किलो पाण्याचेच भाडे भरले असे होते. म्हणून धागा काढण्याचे काम शेतावर, खोड ताजे असतानाच व्हायला हवे.

सोपटाची एक पट्टी बोथट सुरीने खरवडून पाहा; गर निघून जातो आणि हाती पांढरे, चिवट धागे राहतात. धागा काढण्याचे यंत्रही हेच करते. हे धागे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात शिजवले, की त्यांना बांधून ठेवणारे लिग्निन सुटते, सेल्युलोजचा, म्हणजे ज्यापासून कागद बनतो त्या तंतूंचा, लगदा उरतो आणि तो जाळीच्या साच्यावर दाबून वाळवला, की अंड्यांच्या ट्रेसारखे ट्रे तयार होतात. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील संशोधकांनी तर २०१९ मध्ये याच खोडातील नॅनोसेल्युलोजपासून, म्हणजे सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंपासून, बेकिंग पेपरसारखी फिल्म केली होती.

अडचण आहे ती ओलाव्याची. नुसता लगद्याचा ट्रे पाणी शोषतो, आणि त्यावर प्लास्टिकचा थर चढवला तर तो कुजण्याचा मूळ गुणच जातो. ‘इको’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक कागदी कपांचे तेच झाले आहे. म्हणून निदान सुरुवातीला सुक्या मालाचेच, म्हणजे खोक्यातील कप्पे, ट्रे आणि घडाच्या फण्यांमध्ये ठेवायचे थर, एवढेच डोळ्यांपुढे ठेवावे.

आमच्या मते आपण लगद्यात न पडता धाग्यापर्यंतच थांबावे, आणि तेही गावातील आठदहा बागायतदारांनी मिळून, घेणारा आधी ठरवूनच यंत्र घ्यावे. सोडा वापरलेले पाणी प्रक्रिया न करता नाल्यात सोडता येत नाही आणि ती व्यवस्था एकट्या शेतकऱ्याला झेपणारी नाही. धागा काढल्यावर उरलेला गर मात्र विकू नये. केळी जमिनीतून पालाश (पोटॅश) भरपूर उचलते, तेव्हा तो गर कुजवून पीलबागेलाच, म्हणजे पिलांपासून धरलेल्या पुढच्या पिकालाच, द्यावा.