पहिलं घर आणि मंगळवारची दुपार

"ताई, लग्नाला सात वर्षं झाली, पाच घरं झाली. एकाही घरात खिळा ठोकला नाही, कारण निघताना भोक बुजवून द्यावं लागतं. आता मला आपलं घर हवंय. ह्यांचं म्हणणं, घ्यायचं तर एकदाच मोठं घेऊ, नाहीतर नोकरी संपल्यावर बघू. रोज ह्यावरून वाजतं आमचं. सैन्यातल्या माणसानं पहिलं घर कधी घ्यावं, आणि कसलं घ्यावं?"

भेटीआधी तिनं हे लिहून पाठवलं होतं. शब्द थोडे इकडचे तिकडे करून हाच प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतो. मी समुपदेशक. काही घरांची दलाल नाही, बँकेची तर नाहीच. पण फौजी कुटुंबांबरोबर काम करायचं म्हटलं की बदली, पगार आणि घर हे विषय टाळून नवरा-बायकोचं भांडण समजतच नाही. ह्या दोघांची गोष्ट त्यांच्या परवानगीनं, ओळख पुसून सांगते.

पहिल्या भेटीला नवरा रजेवर आला होता. तीस दिवसांतले बावीस संपले होते. मांडीवर प्लॅस्टिकची फाइल, तिच्यात बांधकाम चालू असलेल्या तीन प्रकल्पांची रंगीत पत्रकं. तिसऱ्यावर पेनानं गोल केलेला. तीन बेडरूम, पुढं गच्ची, ताबा चार वर्षांनी. टोकन सोमवारी द्यायचं होतं, कारण शनिवारी त्याची गाडी होती.

रजेत घर ठरवणं ही फौजी घरांची जुनी खोड आहे. दाताच्या डॉक्टरपासून भावाशी अडलेल्या वाटणीपर्यंत वर्षभर तुंबलेलं सगळं त्या एका महिन्यात उरकायचं असतं. विकणाऱ्याला हे ओळखायला पाच मिनिटं पुरतात. "साहेब, रजा कधीपर्यंत?" हा प्रश्न आपुलकीचा वाटतो, पण सौदा तिथंच सुरू झालेला असतो. रजेच्या शेवटच्या आठवड्यात कुठल्याही कागदावर सही करायची नाही, हे मी हल्ली पहिल्याच भेटीत सांगून टाकते. तेव्हाही सांगितलं. त्याला आवडलं नाही, पण सोमवार टळला.

त्याच भेटीत माझी एक चूक झाली. दोघंही आकडे घेऊन भांडत होते. "भाडं म्हणजे पैसे पाण्यात" असं ती म्हणत होती. म्हणून मी कागदावर हिशोब मांडला. नऊ टक्के व्याजाचं वीस वर्षांचं कर्ज धरा. पहिल्या तीन वर्षांत भरलेल्या दर १०० पैकी जेमतेम १९ मुद्दलात जातात, बाकीचे ८१ व्याज. ३६ हप्ते भरूनही कर्जाचा ९४ टक्के भाग उभाच असतो. आणि पोस्टिंग साधारण दोन-तीन वर्षांची. म्हणजे बदली आली म्हणून घर विकायचं ठरवलं, तर हातात मुद्दल जवळजवळ काहीच नाही. वर घेतानाचं मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, आणि विकताना पुन्हा दलाली. तेवढ्या काळात भाव चांगला चढला नाही, तर भाड्यापेक्षा हे पाणी खोल.

हिशोब बरोबर होता. नवऱ्यानं विजयी चेहऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि ती गप्प झाली. पुढची वीस मिनिटं ती फक्त "हो" म्हणत होती. समुपदेशकाच्या खोलीत अशी शांतता पसरली, की आपण कुणाची तरी बाजू घेतलीय हे ओळखावं. मी ओळखलं, पण ती घरी गेल्यावर.

दुसऱ्या भेटीला आकडे बाजूला ठेवले. दोघांना एकेक कोरा कागद दिला. म्हटलं, नव्या घरातला एक तास लिहा. वार, वेळ, घरात कोण आहे, काय चाललंय. एकमेकांशी बोलायचं नाही.

त्यानं लिहिलं: रविवार, सकाळी सात. गच्चीत खुर्ची. मी निवृत्त. मुलगी कॉलेजला. आई उन्हात बसलीय. कुणी उठवायला येत नाही.

तिनं लिहिलं: मंगळवार, दुपारी अडीच. मुलीला ताप. ह्यांचा फोन लागत नाही. औषध आणायला मी खाली जाते, मुलीला शेजारच्या काकूंकडे ठेवून. ती रडत नाही, कारण काकू ओळखीच्या आहेत.

त्यानं तिचा कागद दोनदा वाचला. मग तिनं ट्रंकेचं सांगितलं. घरातल्या काळ्या लोखंडी ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं पत्ता घातलेला असतो. बदली झाली की जुना पत्ता काळ्या रंगानं पुसून त्यावर नवा. पाच थर साचून ती जागा आता बोटाला खरबरीत लागते. पण ती सांगत होती ते झाकणाच्या आतल्या बाजूचं. लेकीची उंची भिंतीवर लिहिली तर भिंत मागं राहते, म्हणून ती ट्रंक उभी करून झाकणाच्या आत खुणा करायची. सहा महिने, एक वर्ष, दीड वर्ष. ट्रंक होती तीन फुटांची. लेक तीन वर्षांची झाली आणि ट्रंक संपली. आता ती पाचाची आहे, मधल्या दोन वर्षांच्या खुणाच नाहीत.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलं होतं फक्त, किती बेडरूम हव्यात."

दोघं "पहिलं घर" म्हणत होते, पण तो पंधरा वर्षांनंतरचं घर घ्यायला निघाला होता आणि ती येत्या मंगळवारचं. फौजी कुटुंबाच्या बाबतीत ह्या दोन घरांची गल्लत फार सहज होते. निवृत्तीनंतर कुठं राहायचं, लेकीचं शिक्षण कुठं होईल, आईवडिलांची तब्येत कशी असेल, ह्यातलं आज काहीच ठाऊक नसतं. जे ठाऊक नाही त्यासाठी वीस वर्षांचं कर्ज काढायचं कशाला? पहिलं घर लहान असावं, तयार असावं, आणि सगळ्यात आधी बघायचं ते हे, की घरात एकट्यानं राहणाऱ्या माणसाला ते झेपतंय का. कारण तिथं एकटं राहणारं माणूस कोण, हे तर आपल्याला नक्की माहीत असतं.

बांधकाम चालू असलेल्या घराला माझा विरोध त्यासाठीच होता. ताबा लांबला की भाडं आणि हप्ता दोन्ही चालू राहतात, आणि साइटवर चकरा मारायच्या कुणी? तो सरहद्दीवर, ही लेकीला घेऊन. वस्तीत नांदतं, वापरलेलं घर दिसायला तितकं देखणं नसेल, पण जे आहे ते डोळ्यांसमोर असतं.

मग बघायचं कसं, ते ठरवलं. रजेच्या रविवारी सगळ्यांनी मिळून गाडीतून जाऊन घर बघितलं की कुठलंही घर चांगलं दिसतं. तिनं एकटीनं, आठवड्याच्या मधल्या दिवशी, संध्याकाळी सातनंतर, लेकीचा हात धरून बसथांब्यापासून चालत जायचं. जिन्यात दिवा आहे का, पाण्याची मोटर कोण लावतं, वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दार किती उघडलं. एका घराबद्दल तिनं मला सांगितलं होतं, "ताई, घर छान होतं, पण जिन्यात तिघींना विचारलं, एकीलाही शेजारणीचं नाव माहीत नव्हतं." ते घर तिथंच सुटलं. किंमत विचारलीसुद्धा नाही तिनं.

पैशाचं थोडक्यात. हप्ता मूळ पगारात बसला पाहिजे. फील्डला, म्हणजे सरहद्दीकडच्या अवघड पोस्टिंगला, असताना मिळणारे भत्ते पोस्टिंगबरोबर येतात आणि पोस्टिंगबरोबर जातात, त्यांच्या जिवावर हप्ता ठरवला तर बदली बढतीची असली तरी घरात तंगी येते. बदली झाल्यावर घर भाड्यानं जाईल असं धरलं असेल, तर वर्षातले दोन महिने ते रिकामं राहील आणि एखादी दुरुस्ती निघेल हेही धरावं. छावणीजवळच्या घराला दुसरं फौजी कुटुंब भाडेकरू म्हणून लवकर मिळतं, हे खरं. पण छावणीच हलली तर सगळे एकदमच विकायला निघतात. अमेरिकेत १९८८ ते २००५ मध्ये पाच फेऱ्यांत लष्करी तळ बंद किंवा कमी केले गेले, तेव्हा तळावर पोट असलेल्या गावांना हा धाक चांगलाच कळला.

सरकारी योजनांबद्दल त्याला फार आशा होती. त्या असतात, आणि चांगल्या असतात. अमेरिकेत १९४४ च्या कायद्यापासून सैनिकांच्या घरकर्जाला सरकारी हमी मिळू लागली, भारतात १९७८ मध्ये आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन उभी राहिली, ब्रिटननं २०१४ मध्ये घरासाठी पगाराच्या प्रमाणात बिनव्याजी उचल द्यायला सुरुवात केली. घेतल्या पाहिजेत त्या सवलती. फक्त त्या घरात शिरायला मदत करतात. बदली आल्यावर त्या घराचं काय करायचं, ते आपल्यालाच बघावं लागतं. आणि बऱ्याच ठिकाणी अट अशी असते, की सवलतीच्या घरात निदान सुरुवातीला स्वतः राहायचं. भाड्यानं द्यायच्या बेतानं घेणाऱ्यानं अटी आधी वाचाव्यात.

एवढं होऊनही त्याचं मन त्या मोठ्या घरावरून हटेना. म्हणून तिसऱ्या भेटीला त्याला एकट्याला बोलावलं. विचारलं, मोठंच का? गच्चीचं सांगून झालं, आईचं सांगून झालं. मग बराच वेळ तो फाइलच्या बटणाशी खेळत राहिला. उघड, बंद, उघड, बंद.

"मॅडम, माझं काही बरंवाईट झालं तर हिच्याकडं काहीतरी मोठं असावं."

सात वर्षांत हे वाक्य घरात कधी उच्चारलं गेलं नव्हतं. ह्या नोकरीत ते रोज मनात असतं, म्हणूनच ओठांवर येत नाही. भांडण बेडरूमच्या संख्येवरून चाललं होतं ते ह्यामुळं.

मी घाई केली नाही. थोड्या वेळानं म्हटलं, तसं झालंच, तर अर्धवट बांधलेलं तीन बेडरूमचं घर आणि डोक्यावर कर्ज, हे तिच्यासाठी मोठं ठरेल की अवघड? त्यानं उत्तर दिलं नाही. पण वही काढली. तिला खरंच काय लागेल ते आम्ही त्या वहीत लिहिलं. खरेदीखतावर दोघांची नावं. कर्ज फेडणारा विमा, आणि त्या विम्याच्या बारीक अक्षरांत युद्ध किंवा लष्करी कामगिरीतला मृत्यू वगळलाय का, हे लेखी विचारायचं. काही पॉलिसींत तो वगळलेला असू शकतो, आणि घेताना कुणी ते आपणहून सांगेलच असं नाही. तो नसताना सह्या अडू नयेत म्हणून तिच्या नावे मुखत्यारपत्र, ह्याच घरापुरतं, रीतसर नोंदवलेलं, बँकेला आधी दाखवून. आणि हेही त्याला सांगितलं, की मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. "म्हणजे नेमकं लागेल तेव्हा नाही चालणार?" तो म्हणाला. नाही चालणार. म्हणून तर खतावर तिचं नाव.

ती वही त्यानं घरी जाऊन तिला दाखवली. त्या रात्री दोघं किती बोलले, किती रडले, ते मला माहीत नाही आणि विचारलंही नाही. चौथ्या भेटीला दोघं एकाच बाजूच्या खुर्च्यांवर बसले.

घर त्या रजेत झालं नाही. सात महिने गेले. तिनं नऊ घरं पाहिली, त्यानं दोन, तीही व्हिडिओवर. शेवटी दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावरचं, अकरा वर्षं जुनं घर घेतलं. गच्ची नाही, खिडकीत दोन कुंड्या मावतात. शेजारच्या काकू आहेत. तो म्हणतो, खुर्ची ठेवायला जागा नाही. ती म्हणते, पंधरा वर्षांनी बघू.

एकोणीस महिन्यांनी बदली आलीच. क्वार्टर मिळत होतं, कुटुंब बरोबर गेलं. घरात आता दुसरं फौजी कुटुंब भाड्यानं राहतं, किल्लीची जोडी काकूंकडे असते.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. भाडेकरणीला खिडकीला डासांची जाळी लावून हवीय, अर्धे पैसे ती द्यायला तयार आहे, स्वयंपाकघराच्या दाराची चौकट मात्र रंगवू नका म्हणून सांगितलंय तिला. मी म्हटलं, अगं, जाळीतलं मला काय कळणार?

"माहितीय ताई. मी ठरवलंय केव्हाच. नुसतं सांगायला फोन केला."