स्विफ्टच्या पुढच्या शॉकअपचं माउंटिंग घरी बदलता येईल का? स्टेअरिंग फिरवताना टक-टक वाजतं

हो बदलता येतं, पण स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) हाताशी असेल तरच, नाहीतर अजिबात हात घालू नका. कारण वरचं माउंटिंग, म्हणजे शॉकअपचं वरचं टोक गाडीला धरणारा भाग, मधल्या एकाच नटावर धरलेलं असतं आणि त्याखाली स्प्रिंग गच्च दाबलेली असते, स्प्रिंग न आवळता तो नट पूर्ण काढला तर माउंटिंग गोळीसारखं उडून तोंडावर बसतं. मी गॅरेजात हेच काम करतो म्हणून कळकळीने सांगतोय.

गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्या, चाक काढा, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर शॉकअपवरून सोडवा, खालचे दोन बोल्ट काढा आणि शॉकअप गाडीला धरणारे बॉनेटखालचे वरचे नट सगळ्यात शेवटी (मधला नट आत्ता नाही), तेव्हा शॉकअप एका हाताने धरून ठेवा. मग कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर लावून थोडं या बाजूने थोडं त्या बाजूने असं आवळायचं, स्प्रिंग हाताने सैल हलायला लागली की मगच मधला नट. माउंटिंगसोबत बेअरिंगही नवीनच टाका, तुमचा टक-टक आवाज बऱ्याचदा त्याचाच असतो. बसवताना स्प्रिंगचं खालचं टोक शॉकअपवरच्या सीटच्या (स्प्रिंग टेकते त्या बशीच्या) खाचेत नीट बसलंय का बघा, आणि नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्याच.

फक्त एक, कोकणात किंवा समुद्राजवळ गाडी असेल तर खालचे बोल्ट गंजून जाम असतात, आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, तरी हलले नाहीत तर सरळ गॅरेजात न्या.